संगणक अडून बसला त्याची गोष्ट

“हे फाटक काढून टाक,” डॉक्टर सबनीस म्हणाले. “आत्ताच्या आत्ता! मी डॉक्टर आहे की तुझ्या यंत्राचा विद्यार्थी?”

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. समोर कॉम्प्युटरच्या काळ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत एक ओळ लुकलुकत होती आणि काही केल्या जात नव्हती. बाहेरच्या बाकावर सात वर्षांची रूपा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सकाळीच तिला फिट येऊन गेली होती. डॉक्टरांना तिचा डोस वाढवायचा होता आणि माझा प्रोग्राम म्हणत होता, थांबा.

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. डॉक्टर सबनीस म्हणजे भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ दवाखाना असलेले मुलांचे डॉक्टर. हुशार, मायाळू आणि भयंकर तापट. मी अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होते. आता रिटायर झालेय, पण तेव्हा तिशीही गाठली नव्हती आणि तापटपणात मी डॉक्टरांना हार जाणारी नव्हते. आमचं जमायचं ते त्यामुळेच.

आमच्या कंपनीने लहान मुलांच्या मिरगीसाठी एक प्रोग्राम बनवला होता. मिरगी म्हणजे फिट येण्याचा आजार, डॉक्टर लोक त्याला एपिलेप्सी म्हणतात. फिट अनेक तऱ्हेच्या असतात आणि प्रत्येक तऱ्हेला औषध वेगळं. त्यात मुलाचं वय, वजन, दुसरी औषधं हे सगळं बघायचं. मुंबईतल्या एका मोठ्या तज्ज्ञांकडे बसून आम्ही त्यांचे नियम उतरवून घेतले होते. ‘असं असेल तर तसं करा’ या पद्धतीचे शेकडो नियम. साध्या डॉक्टरने माहिती भरायची, प्रोग्रामने सल्ला द्यायचा. अशा प्रोग्रामला आम्ही डिसिजन सपोर्ट म्हणायचो. म्हणजे निर्णय डॉक्टरचाच, यंत्र फक्त टेकू.

डॉक्टर सबनीस आमचे ट्रायलचे क्लायंट. मिरगीची प्रत्येक केस आधी प्रोग्राममध्ये घालायची असं ठरलं होतं. त्याचा सल्ला पटला नाही तर खुशाल हाताने चिठ्ठी लिहावी. त्यांना कोणी अडवलं नव्हतं. पण त्या दिवशी ते लिहीत नव्हते, नुसते ओरडत होते. मनात पाल चुकचुकत होती म्हणून, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

“फाटक कशाला काढू? ते काय म्हणतंय ते बघा ना आधी,” मी म्हटलं.

“बघितलं. दहा वेळा बघितलं.”

प्रकार असा होता. रूपाला फेनिटॉइन नावाचं पातळ औषध चालू होतं. हे औषध पोटात गेलं की रक्तात त्याची एक पातळी बनते. पातळी कमी पडली तर फिट थांबत नाहीत. जास्त झाली तर मूल झिंगल्यासारखं चालतं, बोबडं बोलतं, डोळे स्थिर राहत नाहीत. त्यात हे औषध मोठं लबाड. डोस थोडाच वाढवला तरी एका टप्प्यानंतर रक्तातली पातळी एकदम उसळी मारते. म्हणून रक्त तपासायचं. भाईंदरला तेव्हा ती सोय नव्हती, नमुना मुंबईला जायचा.

रूपाच्या रक्तात पातळी फार कमी आली. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुन्हा रक्त पाठवलं. पुन्हा कमी. आता त्यांना आणखी वाढवायचा होता. नाहीतर दुसरं औषध जोडायचं होतं, आणि त्या दुसऱ्या औषधाने मुलं दिवसभर पेंगतात.

इथे फाटक लागलं होतं. एवढ्या वजनाच्या मुलाने एवढा डोस घेतला तर रक्तात साधारण किती यायला हवं, याचा हिशेब प्रोग्राम करायचा. खरी पातळी त्याच्या आसपासही नसेल तर तो पुढचा सल्लाच द्यायचा नाही. एकच ओळ दाखवायचा. तिचा मराठीत अर्थ असा की, औषध खरोखर पोटात जातंय का, ते आधी बघा. भाईंदरला रेल्वेचं फाटक पडलं की माणसं दोन्ही बाजूंना कशी चरफडत उभी असतात, तसे डॉक्टर त्या ओळीसमोर चरफडायचे. फाटक हे नाव त्यांनीच ठेवलं होतं.

“काही शरीरं औषध भराभर जाळून टाकतात. पुस्तकात आहे. तुझ्या प्रोग्रामला माहीत नाही?”

“माहीत आहे. पण इतकं कोणी जाळत नाही. तुमच्या तज्ज्ञांचाच नियम आहे तो.”

“माझे तज्ज्ञ? तू आणलेस त्यांना!”

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोरच तो नियम उघडून तपासला. प्रोग्राममध्ये गडबड असेल तर मला लपवायची नव्हती. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता, माझ्या अब्रूचा नव्हता. हिशेब कागदावर केला. वजन बघितलं, डोस बघितला, लॅबचा रिपोर्ट बघितला. सगळं बरोबर. गणित चुकत नव्हतं आणि तरी जमत नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला. आमचे बॉस कामत. त्यांना डॉक्टरांनी आधीच फोन करून झापलं होतं.

“काय चाललंय तिथे?”

“सर, प्रोग्राम बरोबर आहे.”

“बरोबर असेल गं. पण क्लायंटला नाही म्हणणारा प्रोग्राम कोण विकत घेतो? काढ ना ते फाटक. डॉक्टरला पाहिजे ते दे आणि ये परत.”

“सर, फाटक काढलं आणि खरोखरच गाडी येत असेल तर?”

“कसली गाडी?”

“काही नाही. उद्या सांगते.” मी फोन ठेवला. बॉसचा फोन आपणहून ठेवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मग एकदम शांत आवाजात म्हणाले, “म्हणजे तुझ्या मते बाई औषध देत नाहीये.”

“माझ्या मते नाही. यंत्र विचारतंय.”

“बोलव मोरेबाईंना.”

मोरेबाई म्हणजे रूपाची आई. माहेर-सासर दोन्ही रायगडात, महाडच्या बाजूला. नवरा काशीमीऱ्याला गॅरेजात डेंटिंगचं, म्हणजे गाड्यांचे पोचे काढायचं काम करायचा. राहायला माझ्यासारखीच हाटकेशला, पण मागच्या चाळीत. बाई टापटिपीची. रूपाच्या दोन वेण्या अशा घट्ट आणि सारख्या घातलेल्या की फिट येऊन गेली तरी एक केस सुटला नव्हता.

“मोरेबाई, खरं सांगा,” डॉक्टर म्हणाले. “औषध चुकतं का कधी? गावाला गेलात, विसरलात, पोरगी नको म्हणाली...”

“नाय डॉक्टर. एक वेळ पण नाय.”

“रागावणार नाही मी.”

“अवो, मी देवापुढे दिवा लावायची विसरेन, तिचं औषध नाय विसरनार!” तिचा आवाज चढला आणि मग फाटला. “शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, फिटा थांबल्याशिवाय पाठवू नका म्हणून. दुसरी पोरं घाबरतात. ती रोज दप्तर भरून बसते. शेजारची भाभी म्हणते, जूता सुंघाओ. सासूबाई म्हणतात, बाहेरचं बघा. मी कोणाचं ऐकलं नाय. डॉक्टर सांगतात तेच करायचं म्हटलं. आणि तुमीच म्हणता मी औषध देत नाय?”

रूपा आईचा पदर धरून आमच्याकडे टकामका बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रश्न माझ्या प्रोग्रामने विचारला होता आणि वार बसला होता त्या माउलीवर.

ती बाहेर जाऊन बसल्यावर डॉक्टर म्हणाले, “मला ती खोटी वाटत नाही.”

“मलाही नाही.”

“मग तुझं यंत्र खोटं.”

“तेही नाही.”

“मग औषध जातंय कुठे? हवेत?”

मी जिना उतरून खाली गेले. दवाखान्याच्या खालीच मेडिकलचं दुकान होतं. दुकानदार गुजराती, रोजचे ‘केम छो’ करणारे. मला वाटलं, बाई बाटल्या उशिरा नेत असेल तर डोस चुकतोय हे उघड होईल. मोरेबाईचं नाव काढलं तर ते हसायलाच लागले.

“अरे बेन, वो तो टाइम से पहले आती है! बाटली खतम, बाटली खतम. मैंने पूछा भी, इतना जल्दी कैसे?”

मी उलट पावली वर आले. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. औषध लागायला हवं त्यापेक्षा जास्त लागतंय आणि पोरीच्या रक्तात पोचतंय कमी. आता फाटक पडलंय हे बरंच झालं असं त्यांनाही वाटायला लागलं असावं, पण तोंडाने कबूल करतील तर ते सबनीस कसले!

“तिला म्हणावं, उद्या बाटली आणि चमचा घेऊन ये,” ते म्हणाले. “आज डोस आहे तोच ठेवतो. बघू.”

दुसऱ्या दिवशी मला पोचायला उशीर झाला. कारण टँकर. त्या वेळी हाटकेशला नळाचं पाणी म्हणजे लॉटरी. टँकर आला की अख्खी बिल्डिंग हंडे-कळश्या घेऊन खाली धावायची. पाणी चहाच्या रंगाचं यायचं. ते हंड्यात भरायचं, तुरटीचा खडा फिरवायचा आणि ठेवून द्यायचं. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. तळाचं फेकायचं. आमच्या घरी हे खातं सासूबाईंचं. मी घाईत आदल्या दिवशीचा हंडा जरा सरकवला तर केवढ्याने ओरडल्या, “अगं हळू! गाळ वर येईल!” ती बोलणी खाऊनच मी निघाले.

दवाखान्यात पोचले तर मोरेबाई माझ्या मागोमाग आली. घामाने डबडबलेली. एका हाताला रूपा, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली बाटली, आरतीच्या ताटासारखी सरळ धरलेली.

“अहो, एवढ्या लांब हाटकेशहून चालत आलात की काय?” मी विचारलं.

“हो. रिक्षा हिंदकळते ना फार,” ती म्हणाली.

मला तेव्हाही काही सुचलं नाही. वाटलं, पोरीला हिंदकळणं सोसत नसेल.

डॉक्टरांनी रुमाल सोडला. बाटलीत वर फिक्कं गुलाबी पाणी आणि तळाला दाट गुलाबी थर. त्यांनी सवयीने बाटली उचलली आणि हलवायला हात मागे नेला.

“अहो अहो अहो!” मोरेबाई किंचाळलीच. “हलवू नका डॉक्टर! गाळ वर येईल!”

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. माझ्या कानात सासूबाईंचा आवाज घुमला, तेच शब्द, तोच सूर. अंगावर सर्रकन काटा आला.

“मोरेबाई,” मी म्हटलं, “तुम्ही औषध कसं देता? करून दाखवता?”

तिने बाटली डॉक्टरांच्या हातातून हलकेच काढून घेतली. टेबलावर ठेवली. थर बसेपर्यंत थांबली. मग चमचा पुढे करून बाटली अशी काही अलगद कलती केली की वरचं नितळ तेवढं चमच्यात आलं. तळाचा थर जागचा हलला नाही. हात काय सुरेख चालत होता! वर्षानुवर्षं टँकरचं पाणी निवळून घेता घेता तयार झालेला हात.

“आणि खालचं?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला.

“ते टाकते ना. गाळ तो. घान कशी देऊ पोरीला?”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून घेतले.

हे सोपं करून सांगते. साखर पाण्यात विरघळते. हळद विरघळत नाही, ढवळली तर पाण्यात फिरते आणि ठेवली तर तळाला बसते. हे औषध हळदीसारखं. त्याची बारीक पूड पाण्यात तरंगत ठेवलेली असते, म्हणून दर वेळी देण्याआधी बाटली चांगली हलवायची असते. बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. इंग्रजीत. मोरेबाई ज्याला गाळ म्हणून मोरीत ओतत होती, तेच औषध होतं. रूपाच्या पोटात जात होतं ते बरंचसं गुलाबी पाणी.

म्हणूनच बाटल्या लवकर संपत होत्या आणि पातळी वर चढत नव्हती. एका क्षणात सगळे धागे जुळले. मी तर अक्षरशः टाळी वाजवली. मग बाईंचा चेहरा बघून हात खाली घेतले.

डॉक्टरांनी तिला समजावलं. मीही हळद-साखर करून सांगितलं. तिला कळत गेलं तसा तिचा चेहरा पडत गेला.

“म्हणजे मीच... मीच तिचं औषध फेकत होते?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. आणि मग ते जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. “बाई, चूक माझी. मी किती वेळा विचारलं, दिलंत का, दिलंत का. कसं दिलंत ते एकदाही विचारलं नाही. तुम्ही एक डोससुद्धा चुकवला नाहीत. हे मी तुमच्या सासूबाईंना सांगायला येऊ का घरी?”

मोरेबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. रूपा घाबरून म्हणाली, “आई, डॉक्टरांनी सुई टोचली?” तशी मोरेबाई रडता रडता हसायला लागली. मीही डोळे पुसले. मी काही ऊठसूट रडणाऱ्यांतली नाही, पण त्या वेळी इतकं हलकं वाटलं की आवरलं नाही. पोरीला भलतासलता आजार नव्हता, आई खोटी नव्हती आणि माझा प्रोग्रामही मूर्ख नव्हता. एका सकाळी याहून जास्त काय मागायचं?

पण डॉक्टरांचं लक्ष पुढे गेलं होतं. त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली आणि वाढवलेला डोस खोडून पुन्हा पहिला लिहिला.

“समजलं का तुला?” ते मला म्हणाले. “काल मी डोस आणखी वाढवला असता. आणि घरी आलेल्या एखाद्या शहाण्या पाहुण्याने बाटली हलवून दिली असती...”

पुढचं त्यांनी पुरं केलं नाही. मला कळलं. तो सगळा चढवलेला डोस पहिल्यांदाच पुराच्या पुरा पोरीच्या पोटात गेला असता. आम्हाला वाटलं असतं आजार वाढला. कदाचित आणखी एक औषध दिलं असतं. अंगावर पुन्हा काटा आला, पण आता तो गाडी निघून गेल्यावर फाटकात उभ्या असलेल्या माणसाचा.

मी बाटलीवर एक कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हलवा’. मोरेबाई म्हणाली, “मला वाचता येतं ओ, पण असू दे. आमच्या ह्यांना उपयोग होईल.”

काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरांनी आकडा स्वतः टाइप केला, एका बोटाने, श्वास रोखून. मी मागे उभी. फाटक पडलंच नाही. स्क्रीनवर आलं की आहे तोच डोस चालू ठेवा.

“बघ,” डॉक्टर म्हणाले, “शेवटी माझ्याशी सहमत झालं की नाही!”

मी कपाळाला हात लावला. रूपाच्या फिट थांबल्या होत्या. पुढे एकदा तापात तेवढी एक आली, बाकी नाही. ती शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी दप्तर घेऊन आधी दवाखान्यात आली, डॉक्टरांना दाखवायला. त्यांनी तिच्या हातावर गोळी ठेवली, लिमलेटची, आणि पेशंट बाहेर खोळंबलेले असताना तिचं सगळं दप्तर उघडून बघितलं.

कामतांना मी हकिकत सांगितली. फाटक काढा म्हणणारे हेच कामत आता हवेत. त्यांनी लगेच जाहिरातीचं पत्रक लिहायला घेतलं आणि त्यात एक वाक्य टाकलं, ‘ज्याला जग गाळ समजतं त्यातच अमृत असतं.’ मी म्हटलं, “सर, हे नको. ‘बाटली हलवा’ एवढंच छापू या.” त्यांना ते फारच किरकोळ वाटलं. पत्रक काही निघालं नाही.

प्रोग्राममध्ये मी एक प्रश्न मात्र वाढवला. पातळ औषध असेल तर फाटकाआधीच तो यायचा, ‘औषध कसं देता हे घरच्यांनी करून दाखवलं का?’ हो म्हटल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. तज्ज्ञ तो वाचून म्हणाले, राहू दे. डॉक्टर सबनीसांनी अर्थातच बोंब मारली की आता यंत्राने दुसरं फाटक बांधलं. पण त्यानंतर त्यांच्या दवाखान्यात येणारी प्रत्येक आई बाटली आणि चमचा घेऊन यायची आणि टेबलावर करून दाखवायची. एकीने तर औषध भांडंभर दुधात कालवून दाखवलं, त्यातलं अर्धं दूध तिचं मूल रोज टाकायचं.

तो कॉम्प्युटर भंगारात गेला, प्रोग्रामही कोणाला आठवत नाही. मी पुढे बँकांचे, विम्याचे कितीतरी प्रोग्राम लिहिले. या धंद्यात शिकले ते एवढंच की, माणसाला ‘केलंस का’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा खरंच बोलतो. त्याने उपयोग होत नाही. करून दाखव म्हणावं लागतं.

हाटकेशच्या बाजारात मोरेबाई मला अधूनमधून भेटायची. एकदा विचारलं, आता बाटली हलवता ना? ती म्हणाली, “मला हात लावू देते का ती! रूपाच हलवते. बाटली धरून घरभर नाचते, दोन्ही वेण्या उडेपर्यंत. आणि मी बोलले ना बस झालं, तर मलाच सांगते, थांब, गाळ अजून खाली हाय.”